काकांच्या स्पेक्ट्रमला हात लावण्याआधी

अगं, आधी ती सोल्डरिंग आयर्न बंद कर आणि जरा माझ्याशी बोल. काल फोनवर तू घाईघाईत सांगितलंस, की माळ्यावरून काकांचा जुना स्पेक्ट्रम कॉम्प्युटर काढला, टीव्हीवर सिंक्लेअर कंपनीच्या नावाची ती ओळही उमटली, पण निम्मी बटणं मेलेली आहेत, म्हणून आता सरळ यूएसबी कीबोर्ड जोडून टाकते. ते 'जोडून टाकते' माझ्या मनात अडकून बसलंय. रागावलेय असं समजू नकोस. तुझ्या वयाच्या कुणाला तरी त्या काळ्या डब्यात जीव घालावासा वाटतो, याचा मला केवढा आनंद झालाय! पण तो डबा एकुलता एक आहे आणि तो काकांचा, म्हणजे तुझ्या बाबांचा आहे. म्हणून चार गोष्टी सांगते, ऐकून घे.

यूएसबीची पिन खोचली की काम सुरू, ही सवय तुझ्या पिढीच्या बोटांत मुरलेली आहे. इथे ती सवय उपयोगाची नाही. सिंक्लेअरने स्पेक्ट्रम प्लस ब्रिटनमध्ये आणला १९८४च्या ऑक्टोबरात. आपल्याकडे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने रीतसर परवाना घेऊन तो 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावाने १९८६ साली बाजारात आणला, आणि काकांनी घेतला तो हाच. यूएसबीची पहिली आवृत्ती जाहीर झाली १९९६च्या जानेवारीत. ती घडवणाऱ्या इंटेलच्या मंडळींत अजय भट्ट होते, आपल्या बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. म्हणजे काका इथे भोपाळला, भेलच्या पिपलानीतल्या क्वार्टरमध्ये रात्री बेसिकमध्ये प्रोग्राम लिहीत बसायचे, तेव्हा यूएसबी जन्मायला दहा वर्षं अवकाश होता. या दोघांची ओळख करून द्यायला मध्ये तिसरं कुणीतरी लागतं. नुसती वायर जोडून भागत नाही.

आणि तो डबा घरात कसा आला तेही तुला माहीत असावं. त्या काळात कॉम्प्युटर बघायला मिळायचा तो फार तर शाळेत. १९८४ साली 'क्लास' नावाची सरकारी योजना निघाली, तिच्यातून निवडक शाळांना बीबीसी मायक्रो मिळाले, आणि मुलं पाळीपाळीने त्याच्यासमोर बसायची. स्वतःच्या घरात, स्वतःच्या टीव्हीला जोडलेला कॉम्प्युटर असणं ही भेलच्या वसाहतीतसुद्धा नवलाची गोष्ट होती. मावशीने, म्हणजे तुझ्या आईने, त्या वर्षी शिलाई मशीन घ्यायचं पुढे ढकललं, हे तिने मला फार नंतर, पापड लाटता लाटता सांगितलं. तक्रार म्हणून नव्हे हं. "त्यांचा जीव होता त्यात," एवढंच म्हणाली.

म्हणून पहिली गोष्ट अशी, की कीबोर्ड खरंच मेलाय का ते आधी बघ. स्पेक्ट्रम प्लसला दिसायला ५८ बटणं असली तरी आत जाळी आहे ती फक्त ४० जागांची, आठ ओळी आणि पाच रकाने. बटणांखाली पातळ प्लास्टिकचे थर, म्हणजे मेम्ब्रेन, असतात, त्यांवर वाहक शाईच्या रेघा ओढलेल्या असतात आणि त्या रेघा दोन चपट्या पट्ट्यांमधून खालच्या बोर्डात जातात. एका पट्टीत आठ रेघा, दुसरीत पाच. चाळीस वर्षांत हे प्लास्टिक कडक होतं आणि वाकतं तिथे तडकतं. आपल्या भोपाळच्या मे महिन्यात माळ्यावर काय भट्टी पेटते ते तुला सांगायला नको.

आता कागद घे आणि कुठली बटणं चालत नाहीत ती लिहून काढ. पाच शेजारशेजारची बटणं एकदम गेली असतील, म्हणजे समज क्यू ते टी, किंवा ए ते जी, तर आठ रेघांच्या पट्टीतली एक रेघ तुटली आहे. आठ ठिकाणी विखुरलेली बटणं गेली असतील, तर पाचाच्या पट्टीतली. एखादंच बटण रुसलं असेल तर तिथे धूळ किंवा ओल. एवढ्या कागदावर तुला डबा न उघडता अर्धं निदान हातात येतं. पट्टी अगदी टोकाशी तडकली असेल आणि लांबीला पुरेशी असेल तर टोकाचे दोन-तीन मिलिमीटर कातरून ती पुन्हा बसवता येते. शिवाय नवी मेम्ब्रेन आजही तयार होते, परदेशातून मागवता येते, आणि ती घातली की डबा जसाच्या तसा चालू.

मग यूएसबीची उठाठेव कशाला, असं तू विचारशील. एकच कारण मला पटतं, आणि ते तू काल बोलता बोलता सांगून गेलीस, की काकांची बोटं आता आखडतात. स्पेक्ट्रम प्लसची बटणं दाबायला जड आहेत. नीट मधोमध, जोर लावून दाबावी लागतात. त्या बोटांना हलकी, मोठी, सुटसुटीत बटणं हवीत म्हणून तू नवा कीबोर्ड लावणार असशील तर मी तुझ्याबरोबर आहे. 'जुनं झालंय, बदलून टाकू' एवढंच कारण असेल तर मेम्ब्रेन मागव आणि सोड.

बरं, आता आत काय चालतं ते समजून घे, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. स्पेक्ट्रमच्या कीबोर्डात स्वतःची अक्कल काहीच नाही, एकसुद्धा चिप नाही. आतला झेड-८० प्रोसेसर सेकंदाला ५० वेळा सगळं काम बाजूला ठेवून बटणं बघायला येतो. आठ ओळींपैकी एकेक ओळ शून्यावर ओढतो आणि पाच रकान्यांतून कुठे शून्य परत येतंय ते पाहतो. शून्य आलं तर ते बटण दाबलेलं आहे. बस, एवढंच. तुझं बोट ओळ आणि रकाना एकमेकांना टेकवतं, बाकी कारभार प्रोसेसरचा.

यूएसबी कीबोर्डाचा स्वभाव अगदी उलटा. त्याच्या आत स्वतःचा छोटा प्रोसेसर असतो. पलीकडे कुणी यजमान असेल आणि तो रीतसर विचारेल, तरच तो बोलतो. साध्या पद्धतीत त्याचं उत्तर आठ बाइटचं असतं. पहिल्या बाइटमध्ये शिफ्ट, कंट्रोल, अल्टची स्थिती, दुसरा राखीव, आणि पुढच्या सहांत दाबलेल्या बटणांचे क्रमांक. 'ए'चा क्रमांक ४, एंटरचा ४०, स्पेसचा ४४. स्पेक्ट्रमला या आकड्यांशी काही देणंघेणं नाही. त्याला फक्त एक ओळ आणि एक रकाना टेकलेले हवेत.

म्हणून मध्ये दोन वस्तू लागतात. एक, जी यूएसबी कीबोर्डाची यजमान होईल. दुसरी, जी बोटाचं काम करेल.

यजमानासाठी तुझ्याकडे कॉलेजच्या प्रोजेक्टचा अर्डुइनो ऊनो पडलाय, तोच घे. पण त्याच्या चौकोनी यूएसबीत कीबोर्ड लावायचा विचार करू नकोस. ती जागा ऊनोला लॅपटॉपशी जोडायची आहे, तिथे तो स्वतःच पाहुणा असतो. त्याच्या डोक्यावर यूएसबी होस्ट शील्ड बसवावं लागतं, मॅक्स ३४२१ई चिपवालं. त्याची लायब्ररी तयार मिळते आणि साधा कीबोर्ड ती बिनबोभाट वाचते. शील्ड ९ ते १३ या पिना घेतं, तरी उरलेल्या आपल्याला पुरतात.

बोटाच्या जागी एमटी ८८०८ नावाची चिप. ही मुळात टेलिफोनच्या कामासाठी, ऑफिसातल्या लहान एक्स्चेंजमध्ये एक लाइन दुसऱ्या लाइनला जोडून देण्यासाठी निघाली. आत आठ गुणिले आठ असे ६४ स्विच आहेत. सहा तारांवर कुठला स्विच ते सांगायचं, एका तारेवर चालू की बंद, आणि स्ट्रोबची टिचकी द्यायची. स्विच तिथे तसाच धरून ठेवला जातो, पुन्हा सांगेपर्यंत. आपल्याला आठ गुणिले पाचच हवेत, म्हणजे तीन रकाने रिकामे राहतील. स्विचला स्वतःचा थोडा रोध असतो, पण स्पेक्ट्रमच्या आत १० किलोओहमचे पुल-अप आहेत, त्यांच्यापुढे तो काहीच नाही.

'मध्ये ही चिप कशाला, ऊनोच थेट उत्तर देईल ना,' असं तुझ्या मनात येणार, मला माहीत आहे. झेड-८० चालतो ३.५ मेगाहर्ट्झवर. त्याने ओळ विचारल्यापासून उत्तर उचलेपर्यंत जेमतेम एक मायक्रोसेकंद जातो. ऊनो त्या वेळात दुसरीकडे कीबोर्डशी बोलत असेल, तर वेळेवर पोचणारच नाही. चिपने स्विच आधीच धरून ठेवलेला असला की ऊनोने कितीही रमतगमत काम केलं तरी चालतं. मला ही रचना फार आवडते ती यासाठीच. स्पेक्ट्रमला कळतही नाही की पलीकडे काही बदललंय. त्याच्या दृष्टीने कुणीतरी बटण दाबलं, एवढंच.

एक फसगत टाळ. एमपी नगरात कीबोर्ड घ्यायला गेलीस की दुकानदार तुला ती छोटी जांभळी पिन दाखवेल, एका बाजूला यूएसबी, दुसऱ्या बाजूला गोल पीएस-टू, आणि म्हणेल की मॅडम, ये लगा लो, पुराने में चल जाएगा. त्या जांभळ्या पिनेच्या आत काहीच नसतं, नुसत्या चार तारा. जुन्या काळच्या काही कीबोर्डांना दोन्ही भाषा यायच्या, त्यांच्यासाठी ती होती. आजच्या बहुतेकांना पीएस-टू येत नाही. आणि स्पेक्ट्रमला तर पीएस-टूसुद्धा ठाऊक नाही. तेव्हा ते पैसे वाचव.

कीबोर्ड मात्र साधाच घे. वायरचा, बिनदिव्यांचा, सरकारी ऑफिसात टेबलावर असतो तसला. खाली रंगीबेरंगी दिवे लुकलुकणारे गेमिंगवाले नकोत. ते वीज जास्त खातात, आणि त्यांतले कित्येक साध्या आठ बाइटच्या बोलीऐवजी स्वतःचीच वेगळी बोली सुरू करतात. बिनवायरीचेही नकोत. त्यांचा डोंगल कधी चालतो, कधी नाही, आणि दोष नेमका कुठे ते शोधताना तू रडकुंडीला येशील.

आता विजेचं. हे नीट ऐक, कारण इथे गेलेलं परत येत नाही. सिंक्लेअरचा मूळ अडॅप्टर ९ व्होल्ट, १.४ अँपिअरचा, आणि त्याची मधली पिन ऋण असते. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक अडॅप्टरची मधली पिन धन असते. पिन आकाराने अगदी बरोबर बसते, म्हणूनच तर घात होतो. उलटा अडॅप्टर लागला की आतला व्होल्टेज बनवणारा भाग जातो आणि बरेचदा त्याच्याबरोबर मूळ १६ के मेमरीच्या चिपाही, कारण त्यांना तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात आणि त्यातलं एक बिघडलं तरी त्या जळतात. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांचा डबा असाच गेला. दुरुस्तीवाल्याने 'नौ वोल्ट का ही तो है' म्हणत जवळचा अडॅप्टर लावला होता. तेव्हा मीटर घे, काकांच्या डब्याचा अडॅप्टर स्वतः तपास, आणि बाहेरून मार्करने खूण करून ठेव.

दुसरं, आत ७८०५ रेग्युलेटर आहे, तो नवाला पाच करतो आणि उरलेली वीज उष्णता म्हणून बाहेर टाकतो. तो आधीच हात लावू देत नाही इतका तापतो. त्यावर ऊनो, शील्ड आणि कीबोर्ड असं तिघांचं ओझं टाकू नकोस. या तिघांना मोबाईलच्या पाच व्होल्टच्या चार्जरवर चालव. फक्त एमटी ८८०८ला स्पेक्ट्रमचेच पाच व्होल्ट दे, कारण तिच्यातून त्याचेच सिग्नल जाणार आहेत. दोन्हीकडचं ग्राउंड एकमेकांना जोडलेलं हवं. आधी ग्राउंड, मग बाकीच्या तारा, आणि सगळ्यात शेवटी वीज. ऊनो आणि चिपच्या मधल्या प्रत्येक तारेत एकेक किलोओहमचा रेझिस्टर घाल. आणि दोन्ही अडॅप्टर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर, एकाच स्विचवर ठेव. एक चालू आणि दुसरा बंद असं झालं तर वीज तारांतून आडवाटेने बंद असलेल्या चिपमध्ये शिरते. एकाच स्विचवर असले की मधेच एक बंद राहण्याचा प्रश्नच येत नाही.

चिपची रिसेट पिनही विसरू नकोस. वीज आली की आतले स्विच कसेही पडलेले असू शकतात, चार-पाच बटणं आपोआप दाबल्यासारखी. ऊनोने जागं झाल्याबरोबर पहिलं काम म्हणजे रिसेट देऊन सगळे सोडवायचे.

प्रोग्राम लिहिताना तुला खरी मजा येईल, आणि तिथेच तू अडकशीलही. नव्या कीबोर्डावर बॅकस्पेस एकच बटण. स्पेक्ट्रममध्ये खोडणं म्हणजे कॅप्स शिफ्ट आणि शून्य, दोन्ही मिळून. बाण म्हणजे कॅप्स शिफ्टबरोबर ५, ६, ७, ८. स्वल्पविराम म्हणजे सिम्बॉल शिफ्ट आणि एन, अर्धविराम सिम्बॉल शिफ्ट आणि ओ, अवतरणचिन्ह सिम्बॉल शिफ्ट आणि पी. म्हणजे नव्या कीबोर्डावरच्या एका बटणासाठी तुला दोन स्विच लावायचे आहेत, आणि त्यांचा क्रम सांभाळायचा आहे. आधी शिफ्टचा स्विच लाव, तीस-चाळीस मिलिसेकंद थांब, मग शून्याचा. सोडताना आधी शून्य सोड, मग शिफ्ट. प्रोसेसर वीस मिलिसेकंदांनी एकदा डोकावतो ना, त्याला जर शिफ्टविना शून्य दिसलं तर अक्षर खोडायच्या ऐवजी पडद्यावर शून्य उमटेल. काकांना ते एकदा दिसलं की ते 'राहू दे' म्हणतील. त्यांचा स्वभाव तुला माहीत आहे. म्हणून हे आधीच चोख कर.

तपासायला त्याचंच बेसिक वापर. दहाव्या ओळीवर प्रिंट ॲट शून्य-शून्य, मग इन ५७३४२, विसाव्या ओळीवर गो टू १०, आणि रन. ही पी ते वाय अशा पाच बटणांची ओळ आहे. काही दाबलेलं नसताना आकडा १९१ दिसेल, काही बोर्डांवर २५५. पी दाबलंस की एकाने उतरेल, ओने दोनाने, आयने चाराने, यूने आठाने, वायने सोळाने. आकडा नेमका तेवढाच हलला तर तुझ्या तारा बरोबर. दोन रेघांची अदलाबदल झाली असेल तर इथे लगेच उघडी पडते. गंमत म्हणजे 'इन' हा शब्द उमटवायलाच एक्स्टेंड मोड आणि मग सिम्बॉल शिफ्टबरोबर आय लागतो. ही ओळ टाइप करता आली म्हणजे दोन्ही शिफ्ट पास झाले.

याची सवय करायला आधी लॅपटॉपवर फ्यूज नावाचं स्पेक्ट्रमचं एम्युलेटर टाक. तुझा भाऊ म्हणतो ना, की एम्युलेटर असताना हे सगळं कशाला? त्याच्याशी भांडू नकोस. एम्युलेटर चांगलंच आहे, सरावाला त्याच्याइतकं सोयीचं काही नाही. जे दाबल्यावर लोड उमटतं, पी दाबल्यावर प्रिंट, हे बोटांना तिथेच शिकव. काकांच्या हस्ताक्षरातली लेबलं असलेल्या कॅसेट मात्र त्यांच्या डब्यावरच लागू देत.

हो, बटणांवरच्या शब्दांचं राहिलं. स्पेक्ट्रमच्या प्रत्येक अक्षराच्या बटणावर पाच-पाच गोष्टी छापलेल्या असतात आणि नव्या कीबोर्डावर त्यातलं काहीच नसणार. इथे आपल्या भोपाळचा फायदा घे. मध्य प्रदेशात सीपीसीटीची, म्हणजे कॉम्प्युटर आणि टायपिंगची परीक्षा देणारी मुलं कितीतरी, त्यांना हिंदी टायपिंगसाठी बटणांवर चिकटवायचे स्टिकर लागतात, आणि ते इथे दुकानात सहज दिसतात. तसल्याच मापाचे स्टिकर छापून घे, इंग्रजी अक्षर मोठं, कोपऱ्यात बेसिकचा शब्द लाल शाईत. अक्षर काकांना चष्म्याशिवाय वाचता येईल एवढं ठेव. सगळे शब्द कोंबू नकोस. प्रिंट, लोड, रन, लिस्ट, गो टू, सेव्ह, अवतरणचिन्ह. एवढे पुष्कळ झाले, बाकी त्यांच्या बोटांना आठवतील.

डबा उघडताना वरचं झाकण झटकन उचलू नकोस. दोन्ही पट्ट्या आखूड आहेत आणि त्या झाकणाला धरून असतात. स्क्रू सगळे एका लांबीचे नसतात, म्हणून कागदावर डब्याचा आकार काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेव. एका हाताने झाकण बोटभर उचल, दुसऱ्याने पट्ट्या सॉकेटजवळ धरून सरळ वर काढ. त्या सॉकेटांत जाड पिना कोंबायच्या नाहीत. आतल्या स्प्रिंगा एकदा पसरल्या की पुढे खरी पट्टी कधीच घट्ट बसत नाही. पट्टीच्याच जाडीचं काहीतरी हवं, पातळ बोर्डाची कापलेली पट्टी चालते. बोर्डावर थेट सोल्डर करायचं नाही. झाकणाला भोक पाडायचं नाही. केबल मागच्या एज कनेक्टरच्या फटीतून बाहेर काढ, पण ती कनेक्टरच्या उघड्या पट्टीवर घासणार नाही असं बघ, कारण तिथे नऊ आणि पाच व्होल्ट अगदी जवळजवळ आहेत. आणि निघालेली मेम्ब्रेन, तुटकी असली तरी, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये सपाट ठेव, गुंडाळी करू नकोस. उद्या कुणाला वाटलं, हा डबा १९८६ साली होता तसा करायचाय, तर पाच मिनिटांत करता आला पाहिजे. माझी यात एवढीच अट आहे आणि ती मी सोडणार नाही.

आता जे मला खरं सांगायचंय ते. तू म्हणालीस, काकांच्या वाढदिवसाला सरप्राइज द्यायचंय. अगं, नको. भेलच्या कारखान्यात आयुष्यभर टर्बाइनजवळ उभा राहिलेला माणूस तो. त्यांच्या वस्तूचं झाकण त्यांना न विचारता उघडलं गेलंय, हे त्यांना स्क्रूच्या डोक्यावरच्या ओरखड्यावरून कळेल, आणि ते बोलणार नाहीत. निवृत्तीनंतर त्यांची प्रत्येक गोष्ट कुणीतरी त्यांच्यासाठी परस्पर करून टाकतं, मोबाईलचा रिचार्ज असो, बँकेचं ॲप असो. 'बाबा तुम्ही बसा, मी करते.' प्रेमानेच करतो आपण. पण सारखं बसवून ठेवलेल्या माणसाला आणखी एक आयतं तयार ताट नको असतं. या एका वस्तूत तरी ते तुझ्यापेक्षा जाणते आहेत.

तेव्हा आज संध्याकाळी चहाच्या वेळी डबा त्यांच्यासमोर टेबलावर ठेव आणि विचार, बाबा, याला असं असं करायचं म्हणते, करू का? नाही म्हणाले तर डबा पुसून कपाटात ठेव, माळ्यावर नको, आणि विषय तिथेच थांबव. हो म्हणाले तर त्यांना खुर्ची दे आणि मीटरच्या काड्या त्यांच्या हातात दे. पट्ट्यांची कुठली रेघ कुठे जाते हे ते तुझ्यापेक्षा पटकन शोधतील. सोल्डर तू कर, त्यांचा हात आता थोडा हलतो. प्रत्येक जोड झाला की कंटिन्युइटीची पिपाणी ते वाजवतील. स्विचची यादी, कुठलं बटण कुठल्या ओळीत आणि कुठल्या रकान्यात, त्यांना वहीवर लिहायला सांग. त्यांचं अक्षर तुला ठाऊक आहे, ड्रॉइंगच्या कागदावर लिहितात तसं. तीच यादी तू प्रोग्रामात उतरव. वेळ दुप्पट लागेल, लागू दे. मधेच ते एखादी गोष्ट तिसऱ्यांदा सांगतील, पहिल्यांदा ऐकत असल्यासारखी ऐक. तुला घाई कसली आहे?

आणि मावशीलाही बोलाव जरा. तिला त्या डब्याविषयी काय वाटतं हे आपल्यापैकी कुणी कधी विचारलेलं नाही.

मी रविवारी पोहे खाऊन निघते, अकराच्या आत साकेत नगरला पोचेन. माझ्या लॅबमधून चांगला मीटर आणि एमटी ८८०८च्या दोन चिपा घेऊन येते, एक लागायची, एक जास्तीची. तू तोवर एमपी नगरातून साधा कीबोर्ड, होस्ट शील्ड, किलोओहमच्या रेझिस्टरचं पाकीट आणि अठ्ठावीस पिनांचा आयसी बेस आणून ठेव. शील्ड ऊनोवर चढवून लॅपटॉपवर बटणांचे क्रमांक दिसतात का तेवढं बघून ठेव, स्पेक्ट्रमला अजून काही जोडायचं नाही. ए दाबल्यावर ४ दिसला की मला मेसेज कर. आणि काका काय म्हणाले ते आज रात्रीच कळव.